खांबाला नेसवलेलं लुगडं

मला मोगलाईत दिली तेव्हा माझ्या मैत्रिणींनी तोंडं अशी केली की जणू मी काळ्या पाण्यावर निघाले होते. सोलापूर ते नळदुर्ग हे अंतर असं कितीसं. सकाळच्या मोटारीनं निघालं तर जेवणवेळेला माणूस तिकडं पोचतं. पण मध्ये हद्द होती. अलीकडं इंग्रजांचं राज्य, पलीकडं निजामाचं. पलीकडं रुपया निराळा, कचेरीची भाषा निराळी, आणि वाटेत करोडगिरीचं नाकं. त्या नाक्यावर शिपाई मोटार थांबवून सामान तपासायचे आणि नव्या कापडावर जकात घ्यायचे. कापड नवं की जुनं हे ते घडीवरून ओळखत. म्हणून माझ्या आईनं लग्नातली सगळी लुगडी आधीच माझ्या बहिणींना आणि चुलत्यांच्या सुनांना नेसायला देऊन त्यांची घडी मोडून घेतली होती. शिपायानं पेटी उघडली, वरचं लुगडं उचललं, निऱ्यांच्या चुण्या पाहिल्या आणि पेटी बंद केली. घडी मोडली की लुगडं जुनं झालं, हा धडा मला सासरच्या वाटेवरच मिळाला होता. तो मी पुढं कसा विसरले, त्याचीच ही गोष्ट आहे.

मला लहानपणापासून नटण्यामुरडण्याची हौस. ती मी कधी लपवली नाही, आजही लपवत नाही. सोलापुरात आमच्या घरापासून बाजाराला जाताना एक कापडाचं दुकान लागायचं. त्याच्या दर्शनी भागाला मोठी काच होती आणि काचेआड माणसाएवढी प्लास्टरची बाई उभी असायची. तिचं नाक कोणीतरी आपटल्यामुळं जरा बसलं होतं, पण नेसणं असं की बघत राहावं. कधी जांभळं इरकल, कधी मोतिया पातळ. शेजारी उंच दाणीत कागदाची फुलं, मागं फिक्या रंगाचा पडदा. आई माझा हात ओढायची आणि मी काचेला नाक लावून उभी राहायची. मला त्या लुगड्याचा हव्यास नव्हता. मला कळत होतं ते एवढंच, की हेच लुगडं आत फळीवर घडी होऊन पडलेलं असतं तर आपण त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नसतं. मांडणीनं वस्तूचं रूप बदलतं, हे मला त्या बसक्या नाकाच्या बाईनं शिकवलं. घरी येऊन मी देवळीतल्या समया हलवायची, पितळी डबे उंचीप्रमाणं लावायची आणि आईची बोलणी खायची.

सासरही कापडाचंच मिळालं. आम्ही लिंगायत, दोन्हीकडं व्यापार. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक जाड दार. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पांढऱ्या गादीवर लोडाला टेकून बसायचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात लाकडी गज. माल सगळा मागच्या फळ्यांवर, घड्या करून, काठसुद्धा आत वळवलेले. त्यांचं म्हणणं असं की गिऱ्हाइकानं मागावं आणि आपण काढावं. आपण होऊन दाखवणं म्हणजे आपला माल खपत नाही असं जाहीर करणं. माझे यजमान वडिलांच्या शब्दाबाहेर नव्हते. ते गज धरायचे आणि गाठी बांधायचे.

आणि बायका? बायका दुकानात येतच नव्हत्या. आमच्याकडं रीतच तशी होती. पुरुषांच्या गादीसमोर बसून कापड चाचपायचं हे कुणाला शोभायचं नाही. पुरुष एकटे यायचे. घरून सांगितलेला असायचा डाळिंबी रंग, बाजारापर्यंत येईतो त्याचा तांबडा व्हायचा. फारच हौशी बाई असली तर पायरीखाली, डोक्यावरून पदर ओढून, नवऱ्याच्या आड उभी राहायची आणि त्याच्या पाठीला हळूच ढोसायची. एक ढोसणं म्हणजे हे नको. दोन म्हणजे किंमत विचारा. मी मधल्या दाराच्या फटीतून हे बघायची आणि मला मनापासून कीव यायची. जन्मभर अंगावर वागवायचं लुगडं, आणि ते निवडणार कोण, तर ज्याला मोरपंखी आणि हिरवा यातला फरक सांगता येत नाही तो.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. उंच, काळ्यासावळ्या, पाठीत कधी न वाकलेल्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं. रागावल्या की कानडीत जायच्या. मी फार चुळबुळ करायला लागले की 'सुम्क कुंद्र' म्हणायच्या, म्हणजे गप बस. आणि मी खरंच गप बसायची. एवढ्या मोठ्या कापडाच्या दुकानाच्या मालकीणबाई, पण त्यांच्या अंगावर नेहमी उरलेला माल. उन्हानं घडीवर विटलेलं, उंदरानं काठाला तोंड लावलेलं, गिऱ्हाइकानं ठेवून घेतो म्हणून नेलेलं आणि महिन्यानं परत आणलेलं. दुकानदाराच्या बायकोनं खपणारा माल नेसायचा नाही, हा त्या घरचा न लिहिलेला कायदा. त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मला मात्र ते डोळ्यांना टोचायचं.

पहिलं वर्ष मी कसं काढलं ते मलाच माहीत. घर वाईट नव्हतं. खायला-प्यायला भरपूर, बोलणारं-मारणारं कोणी नाही. पण दिवसभर चूल, म्हैस आणि त्या दाराची फट. मला रडू यायचं ते माहेरच्या आठवणीनं कमी आणि त्या काचेच्या आठवणीनं जास्त, हे सांगितलं तर कुणाला पटलं नसतं.

सुटका झाली ती बेगमसाबांमुळं. गावात एक बडे सरकारी अंमलदार बदलून आले होते. त्यांच्या घरात गोशा होता. बेगमसाब दुकानात येणं शक्य नाही आणि दुकानातला पुरुष जनानखान्यात जाणं शक्य नाही. म्हणून मोलकरणीच्या डोक्यावर कापडाचं गाठोडं देऊन आत्याबाई जायच्या. त्यांचे गुडघे दुखायला लागले तसं त्यांनी मला सोबत घेतलं. आत्याबाई सतरंजीवर बसून कापड दाखवायच्या आणि मी बेगमसाबांचं घर बघायची.

मी असं घर पाहिलंच नव्हतं. सामान फार होतं असं नाही, बदलीच्या माणसांचं असतं तेवढंच. पण प्रत्येक दाराला पडदा. खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागाला रंगीत काचा, त्यातून उन्हाचे हिरवे-पिवळे तुकडे सतरंजीवर पडायचे. जुन्या बनारसी शालूचे तुकडे करून त्यांच्या उशा केलेल्या. पानाचा डबा सुद्धा असा ठेवलेला की त्याच्यामागं भिंतीचा निळा रंग यावा. मी उठून पडद्याची किनार बघायला लागले तशा बेगमसाब हसल्या.

"बैठो जी, उठो नक्को. क्या देखरे?"

मी मोडक्यातोडक्या भाषेत म्हटलं, पडदा फार छान आहे. त्या म्हणाल्या, "पुरानी साडी का है. नंगा दरवाजा अच्छा नहीं दिसता जी."

घरी येताना आत्याबाई म्हणाल्या, "कापड इकायला गेलो का पडदं बघायला?"

"दोन्ही," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि चालत राहिल्या. पण पुढच्या वेळी गाठोडं बांधताना त्यांनीच मला विचारलं, "वर कंचं ठेवू?" मी मोतिया रंगाचं वर ठेवायला सांगितलं. ते बेगमसाबांनी सगळ्यात आधी उचललं. मला तेवढंच पुरलं.

मधल्या दाराला लागून घरात एक खोली होती. तिला गल्लीकडून वेगळं दार होतं. आत म्हशीच्या सरकीची पोती. माझ्या डोक्यात यायला वेळ लागला नाही. ही खोली झाडायची, गल्लीकडचं दार उघडायचं, आणि बायकांना तिथं बसून कापड बघू द्यायचं. पुरुषाचा वाराही लागायचा नाही. मामंजींशी मी थेट बोलत नव्हते, त्या काळी ते चालत नव्हतं. म्हणून आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी जेवण वाढता वाढता निरोप पोचवला आणि स्वतःचं मतही त्यात मिसळलं.

"सूनबाई म्हंती, सरकीची पोती भायेर काढा, मला बायकांचं दुकान घालायचंय. सोलापुरात काचंत बाई उभी असती म्हनं."

मामंजी भाकरीचा तुकडा हातात धरून थांबले. "जित्ती?"

"न्हाय, पिलाश्टरची."

त्यांनी तो तुकडा खाल्ला. मग म्हणाले, "दिवाळीपतूर बघा. न्हाय जमलं तर पोती आत."

एवढ्यावर मी कामाला लागले. लढाई लांब कुठंतरी सुरू झाली होती, पण कापडाचा कंट्रोल अजून आला नव्हता. फळ्या भरलेल्या होत्या. मी भिंतींना पांढऱ्या मातीचा हात दिला, खाली शेणानं सारवलं, कडेनं पांढऱ्या रांगोळीची वेल काढली. माझ्या स्वतःच्या एका जुन्या लुगड्याचा दाराला पडदा केला. दाराआड उभं राहून बाईला आत यायचं धाडस करावं लागू नये, नुसता पडदा सारला की आत, असा माझा विचार. मग उशा शिवल्या. दुकानातले चार रंगीबेरंगी खण घेतले आणि त्यांच्या खोळी केल्या. इतक्या सुरेख उशा बेगमसाबांकडंही नव्हत्या.

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "हे काय?"

"बायकांना बसायला."

"खण ओटीत घालतेत. बुडाखाली न्हाय."

मी उसवले. त्यांचं खरं होतं. देवीच्या ओटीत जाणाऱ्या कापडावर कोणी बसलं नसतं, सगळ्याजणी जमिनीवर बसल्या असत्या आणि उशा मोकळ्या राहिल्या असत्या. त्याच खणांची मी त्रिकोणी घड्या घालून दारावर माळ लावली. ती आत्याबाईंना आवडली. त्यांनी सांगितलं नाही, पण जाताना एक खण सरळ केला.

आता राहिली होती ती काचेतली बाई. नळदुर्गात प्लास्टरची बाई कुठून आणायची? पण खोलीच्या मधोमध सागवानी खांब होता, माझ्या खांद्याला लागेल एवढ्या उंचीवर त्याला आडवी खुंटी. उद्घाटनाच्या, म्हणजे मी ठरवलेल्या दिवशी सकाळी, आत्याबाई लिंगपूजेला बसल्या. तळहातावर इष्टलिंग घेऊन त्या बसल्या की घरात कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही, आणि त्यांची पूजा काही लवकर आटोपायची नाही. तेवढ्यात मी यजमानांकडून तीन उत्तम इरकल मागवून घेतली. एक डाळिंबी, एक चिंतामणी निळं, एक आंब्याच्या मोहराच्या रंगाचं. तिन्हींना रेशमी टोपपदर. डाळिंबी लुगडं मी पुरतं उलगडलं आणि खांबाला नेसवलं. व्यवस्थित निऱ्या घातल्या, कासोटा नाही जमला तो सोडला, खुंटीवरून पदर घेतला आणि खाली जमिनीवर पसरून दिला. बाकीची दोन खिडकीच्या गजांना निऱ्या करून बांधली. गल्लीतलं ऊन त्या निळ्यातून आत येऊ लागलं. मी दारात जाऊन मागं वळून पाहिलं आणि माझा मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

बायका आल्या. आधी शेजारच्या, मग त्यांच्या शेजारच्या, मग गावाबाहेरच्या वस्तीवरच्या दोघी बाजाराला आलेल्या. पडदा सारून आत यायच्या आणि दारातच थबकायच्या. मग बसायच्या, पदर डोक्यावरून खांद्यावर यायचा, आवाज मोठे व्हायचे. कुणी निऱ्या मोजल्या, कुणी पदराचं रेशीम गालाला लावून पाहिलं. दुकानात पाठीला ढोसणाऱ्या बायका इथं तोंडानं बोलत होत्या. मी गुळाचं पाणी फिरवत होते आणि मनात हिशोब करत होते की आता मामंजी काय म्हणतील.

जवळच्या खेड्यातल्या पाटलीणबाई आल्या होत्या. धाकट्या मुलीचं लग्न काढलेलं. त्या खांबाभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "लई ग्वाड दिसतंय गं. डोळं निवलं."

"मग देऊ बांधून?" मी विचारलं.

त्यांनी पदर हातातून सोडला. "घडी कुणी मोडली ह्याची?"

"कुणीच नाही. कोरं आहे."

"कोरं कसं? निऱ्या पडल्या की."

"पण नेसलंय कुठं कुणी? खांबाला तर गुंडाळलंय."

पाटलीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना माझी कीव आली असावी. "मग खांबानं मोडली म्हन की," त्या म्हणाल्या. "लेकीच्या लग्नाचं लुगडं, आन् घडी मोडली खांबानं? कसं नेऊ बाई?"

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्यांना ते पटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याच क्षणी पटलं. मामंजी गिऱ्हाइकाला लुगडं दाखवायचे तेव्हा पदर आणि काठ तेवढा मांडीवर पसरायचे आणि त्याच चुणीवर परत घडी घालायचे. घडी मोडायचा तो मान असतो. नवं लुगडं आलं की आपल्या आधी ते कुणाला तरी नेसायला द्यायचं, नणंदेला, जावेला, जिच्यावर जीव असेल तिला. माझ्या लग्नातल्या एकेका लुगड्याची घडी कुणी मोडली हे मला तोंडपाठ होतं. आणि मी तीन उंची इरकलांचा तो मान एका खांबाला आणि खिडकीच्या गजांना दिला होता. सोलापूरच्या त्या बाईच्या अंगावरचं लुगडं विकायला नसतंच, ते दुकानाचं कायमचं असतं, हे मला फार पुढं माझ्या आईनं सांगितलं. काचेला नाक लावून बघताना ते कळत नाही.

आत्याबाई पूजा आटोपून मागं येऊन उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्यांनी गिऱ्हाइकांसमोर मला एक अक्षर बोलून दाखवलं नाही. पाटलीणबाईंना म्हणाल्या, "उद्याच्याला यावा. लेकीलाबी आना." बायका गेल्या. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं आणि एकीनंही एक हातभर चिंधी घेतली नाही.

जेवताना मामंजींना सगळं कळलेलं होतं. ते रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "ती तीन आता निम्म्यात जातील. उद्या सांजच्याला पोती आत घ्या." मी ताट घासायला मागं गेले आणि तिथं बसून खूप रडले. खोली गेली म्हणून रडले, सरळ सांगते. त्या एका सकाळी मी सासरी आल्यापासून पहिल्यांदा स्वतःसारखी वागले होते, आणि उद्यापासून पुन्हा चूल, म्हैस, आणि दाराची फट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खांबाचं लुगडं सोडायला गेले तर खांब रिकामा. मला वाटलं मामंजींनीच नेलं. मी खाली पडलेला खण उचलत होते तोवर पडदा सरला आणि आत्याबाई आत आल्या. त्यांनी ते डाळिंबी इरकल नेसलं होतं.

मी त्यांना त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं, असं मला वाटलं. त्या उंच बांध्यावर, त्या सावळ्या रंगावर ते डाळिंबी असं खुललं होतं की खांबावर काहीच नव्हतं म्हणावं. कासोटा पक्का, निऱ्या पावलांवर टेकलेल्या, टोपपदराची लाल-पांढरी नक्षी पाठीवर सरळ. कपाळावर विभूती. हातात त्याच जुन्या काचेच्या बांगड्या. त्या येऊन खांबाला टेकून बसल्या, जशा मामंजी लोडाला टेकून बसतात.

"अशी काय बघायलीस? बायका येतील. पानी आन."

"पण आत्याबाई, हे तुम्ही..."

"खांबानं घडी मोडलेलं हाय. उरलेलाच माल झाला की. मीच नेसती उरलेला." आणि त्या हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात किंचित पुढं होते, म्हणून त्या हसणं टाळायच्या. त्या दिवशी टाळलं नाही.

पाटलीणबाई लेकीला घेऊन आल्या. आत्याबाईंना बघून दारातच थांबल्या, आणि त्यांच्या तोंडून आधी बाई गं निघालं, मग त्या बसल्या. लेक तर नुसती बघतच होती. आत्याबाई उठल्या, एकदा पाठमोऱ्या झाल्या, पदर पसरून दाखवला, काठ दोन बोटांत धरून सांगितलं की धुतल्यावर हा रंग सोडत नाही, आणि माझ्यासारख्या काळीवर असा खुलतो तर तुझ्यावर किती खुलेल. त्यांना असं बोलता येतं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या भिंतीपलीकडून प्रत्येक गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकत होत्या, आणि काय बोलायला हवं होतं ते मनात ठरवत होत्या.

पाटलीणबाईंनी लेकीकडं पाहिलं. लेकीनं मान हलवली. "असंच पायजे," पाटलीणबाई म्हणाल्या. "पर घडीतलं."

"घडीतलंच देती. तुमी म्हनाल तिनं मोडावी," आत्याबाई म्हणाल्या आणि मला फळीवरचं आणायला पाठवलं.

मी मधल्या दारातून दुकानात गेले तर मामंजी गज आडवा धरून गिऱ्हाइकाला मांजरपाट मोजून देत होते. दार उघडं राहिलं. त्यांची नजर माझ्यावरून आत खोलीत गेली आणि तिथंच राहिली. गज तसाच धरलेला. गिऱ्हाईक म्हणालं, "शेटजी, कितवा वार?" मामंजींना सांगता आलं नाही. त्यांनी कापड गुंडाळून पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

दुपारी जेवायला आत आले तेव्हा ते पाटावर बसून म्हणाले, "लुगडं बरं दिसतंय."

आत्याबाई भाकरी वाढत होत्या. "तुमच्याच दुकानातलं हाय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं हितंच होतं."

त्या दिवशी पोती आत आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

मग ती पद्धतच पडली. दर काही दिवसांनी फळीवरचं एक लुगडं आत्याबाईंसाठी निघायचं. कोणतं, ते मी ठरवायची. मी त्यांच्या अंगावर रंग बघायची, पडदा बदलायची, रांगोळीची वेल त्या दिवशीच्या काठासारखी काढायची. निळं लुगडं असलं की मागं पिवळा खण. आम्ही दोघी सकाळी त्या खोलीत भांडायचो. त्यांना मोरपंखी आवडायचं आणि ते त्यांना शोभायचं नाही. मी तसं तोंडावर सांगायची, आणि त्या सुम्क कुंद्र म्हणून तेच नेसून बसायच्या. मग बायकांनी दुसरंच मागितलं की माझ्याकडं न बघता उठून बदलायला जायच्या. बेगमसाबांकडं गाठोडं घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आत्याबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कापडाला हात न लावता म्हणाल्या, "येइच होना," म्हणजे हेच पाहिजे. येताना आत्याबाईंचं पाऊल झपाझप पडत होतं, गुडघे कुठं गेले कोण जाणे. मी त्या दिवसांत सुखी होते. मला ते तेव्हाच कळत होतं.

दिवाळी आली. मामंजींनी दिलेली मुदत संपली. त्याबद्दल कोणी काही काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही; न विचारलेलंच बरं असतं अशा वेळी. पाडव्याला सकाळी मामंजी आत आले. त्यांच्या हातात एक लुगडं होतं. दुकानातलं नव्हतं ते, मला फळी न् फळी पाठ होती. त्यांनी खास सांगून विणून आणवलं होतं. गडद मोरपंखी, गोमेसारख्या नक्षीचा रुंद गोमी काठ. चुणी न् चुणी कोरी. त्यांनी ते आत्याबाईंसमोर पाटावर ठेवलं आणि म्हणाले, "हे इकायचं न्हाय." आणि वळून जायला लागले. मग थांबले. "सरकीला अंगनात छप्पर करतो," एवढं म्हणाले आणि दुकानात गेले.

आत्याबाईंनी लुगड्यावरून हात फिरवला. उघडलं नाही. त्या घरात सून म्हणून आल्यापासून कोऱ्या घडीचं, दुकानाचा माल म्हणून नव्हे तर त्यांच्यासाठी म्हणून आणलेलं ते पहिलं लुगडं होतं. मी चुलीपाशी उभी होते आणि मला ते मोरपंखी त्यांना शोभणार नाही हे ठाऊक होतं आणि मी ते जन्मात बोलणार नव्हते.

"नेसा ना," मी म्हटलं. "मी निऱ्या धरते."

त्यांनी ते उचललं आणि माझ्या हातात दिलं. "घडी मोड."

"आत्याबाई, हे तुमचं आहे. पहिलं तुम्ही नेसायचं."

"मला दुसऱ्यांदाच नेसायची सवय हाय," त्या म्हणाल्या. "खांबापेक्षा तू बरी."

मी रडायला लागले तर त्यांनी मला गप बस म्हटलं, कानडीत. मग माझ्यामागं उभ्या राहून त्यांनी स्वतः निऱ्या घातल्या, कासोटा खोचला, पदर सारखा केला, आणि दोन पावलं मागं जाऊन डोळे बारीक करून पाहिलं, मी त्यांच्याकडं रोज बघायची तसं. म्हणाल्या, "तुला शोभतंय." पाडव्याचा सगळा दिवस मी ते लुगडं अंगावर मिरवलं. दुसऱ्या दिवशी ते आत्याबाई नेसल्या.